वैशूच्या मांजराबद्दल विजूला

शहापूर, बेळगाव

प्रिय विजू,
सप्रेम नमस्कार.

तुझी वैशू नोकरीला अ‍ॅमस्टरडॅमला गेली की तिचं मांजर वखारीत सोडायचं, असं भावजींनी ठरवलंय म्हणालीस, तेव्हापासून माझं कशात मन लागेना झालंय. फोन केलास तेव्हा इकडं हळदीकुंकवाच्या बायका बसल्या होत्या, धड बोलता आलं नाही. म्हणून आज सगळं सविस्तर लिहिते. पत्र लांबेल, पण वैशूला वाचायला दे, आणि भावजींनाही दे.

वखारीत उंदीर भरपूर, मांजर खाऊन-पिऊन सुखी राहील, हे भावजींचं म्हणणं मला कळतं. आपल्याकडं मांजराचं असंच बघतात. कुत्रं माणसाचं आणि मांजर घराचं, असं माझी आजीपण म्हणायची. पण वैशूचं मांजर तिच्या उशाशी झोपतंय, तिच्या हातचं खातंय. शिकार करून पोट भरायची त्याला सवय नाही. आणि दुसरं, तुमची वखार तंबाखूची आहे गं. मांजर दिवसभर स्वतःचं अंग चाटत असतं. अंगावर बसलेली तंबाखूची धूळ सगळी पोटात जाणार, आणि निकोटिन मांजराला विष आहे. एवढी एकच गोष्ट भावजींना सांगितलीस तरी पुरे.

माझी अनू फ्रँकफुर्टला नोकरीला गेली तेव्हा तिची मांजर चिंगी माझ्याकडंच राहिली होती. घर तेच, बशी तीच, मी तीच. तरी तिनं खाणं टाकलं. अनूच्या पलंगाखाली जाऊन बसायची आणि दूध पुढं ठेवलं तर तोंड फिरवायची. डॉक्टर म्हणाले, मांजर काही दिवस उपाशी राहिलं की त्याच्या यकृतात चरबी साठायला लागते आणि ते जिवावर बेततं, तेव्हा काहीही करून खायला घाला. मी बोटानं तिच्या टाळूला मासळीचं पाणी लावत बसायची. मांजर घराचं असतं हे मला तेव्हापासून पटत नाही. त्याच दिवसांत अनूला सांगितलं, तू येशील तेव्हा हिला घेऊनच जायचं, कागदपत्रांचं मी बघते.

आता कामाचं. वैशू पावसाळ्याच्या तोंडावर जाणार म्हणालीस. संक्रांत तर झाली. आज सुरू केलंस तर सगळं वेळेत बसतं. महिनाभर ढकललंस तर बसत नाही, मग वैशू पुढं आणि मांजर मागं अशी गत होईल. युरोपात हॉलंड काय, जर्मनी काय, बाहेरून येणाऱ्या मांजराला नियम सारखेच. त्यांनी काही देशांची यादी केलीय, तिथल्या प्राण्यांना सवलत आहे. भारत त्या यादीत नाही.

पहिली ओळखीची चिप. तांदळाच्या दाण्याएवढी असते, खांद्याच्या दोन हाडांच्या मधे कातडीखाली सुईनं सरकवतात. त्यात 15 आकडी नंबर असतो. चिप बसल्यावरच रेबीजची लस टोचायची, त्याच दिवशी टोचली तरी चालते. वैशूच्या मांजराला गेल्या वर्षी लस दिलीय म्हणालीस ना, ती चिपच्या आधीची आहे, म्हणून इथं धरत नाहीत. पुन्हा टोचावी लागणार. हा क्रम चुकला तर पुढचं सगळं फुकट जातं, म्हणून दोनदा सांगते: आधी चिप, मग लस.

लसीनंतर निदान 30 दिवस थांबून रक्त काढतात. त्यातला सीरम, म्हणजे रक्तातला पातळ भाग, वेगळा करून थंड डब्यातून प्रयोगशाळेत पाठवायचा, आणि प्रयोगशाळा युरोपनं मान्यता दिलेलीच पाहिजे, दुसरीचा अहवाल चालत नाही. लसीनं अंगात पुरेशी ताकद आलीय का ते त्यात बघतात. आकडा 1 मिलिलिटरला 0.5 आंतरराष्ट्रीय एकक किंवा त्याच्या वर यायला पाहिजे. आणि तो चांगला आला तरी रक्त काढल्या दिवसापासून तीन महिने मांजर युरोपात नेता येत नाही. अहवाल आल्या दिवसापासून नव्हे हं, रक्त काढल्या दिवसापासून. आमच्या गल्लीत पुष्कळांना हा उगाच छळ वाटला. मला नाही वाटला. रेबीजचा विषाणू अंगात शिरल्यावर लक्षणं दिसायला आठवडे जातात, कधी महिने. लसीच्या आधीच लागण झालेली असली तर ती या तीन महिन्यांत बहुतेक बाहेर पडते. जर्मनीत जंगलातल्या कोल्ह्यांना लस भरलेली आमिषं टाकून टाकून त्यांनी हा रोग घालवला, 2008 पासून तो देश त्यातून मोकळा आहे. इतक्या कष्टानं घालवलेलं पुन्हा आत येऊ नये म्हणून ते जपतात. आपल्याकडं कुत्रं चावून माणसं दगावल्याचं आपण दोघींनी लहानपणापासून ऐकलंय, आपल्याला तरी हे कळायला पाहिजे.

त्या तीन महिन्यांत लसीची मुदत संपू द्यायची नाही. पुढचा डोस मुदतीच्या आत घेतला तर रक्ताची तपासणी परत करावी लागत नाही.

शेवटचा कागद म्हणजे सरकारी आरोग्य प्रमाणपत्र. ते गुरांच्या दवाखान्यात मिळत नाही. केंद्र सरकारचं पशु क्वारंटाइनचं कार्यालय असतं, मुंबईत आहे, बंगळूरलापण आहे. बेळगाव दोन्हींच्या मधोमध, कुठंही गेलं तरी साधारण 500 किलोमीटर. तुम्ही निपाणीवाले, तुम्हाला मुंबईच जवळ, आणि अ‍ॅमस्टरडॅमचं सरळ विमानही तिथून आहे. युरोपचा ठरलेला नमुना असतो, तो इंग्रजीत आणि उतरणार त्या देशाच्या भाषेत पाहिजे, म्हणजे वैशूचा डच आणि इंग्रजी. त्यावर सही-शिक्का झाल्यापासून 10 दिवसांच्या आत मांजर तिथं पोचलं पाहिजे. म्हणून तिकीट आणि ही तारीख जुळवूनच ठरवायची. आणखी एक नियम नीट लक्षात ठेव. मालकाचा आणि मांजराचा प्रवास 5 दिवसांपेक्षा जास्त मागंपुढं झाला तर ते मांजर व्यापाराचं धरतात, मग नियम वेगळे आणि कडक. अनू स्वतः दिवाळीला आली आणि घेऊन गेली ती त्यासाठीच. मीही व्हिसा काढून बरोबर गेले, म्हणून विमानातलं डोळ्यांनी पाहिलेलं सांगते.

विमान कंपनीला तिकिटाच्या आधी विचारायचं. एका विमानात केबिनमध्ये मोजकेच प्राणी घेतात, जागा भरली तर भरली. युरोपातल्या बऱ्याच कंपन्यांची मर्यादा पिशवीसकट 8 किलो. चिंगी साडेचार किलोची, तेव्हा काही प्रश्न नव्हता. वैशूचा बोका दणकट आहे, त्याला पिशवीत घालून एकदा काट्यावर ठेव. पिशवी मऊ पाहिजे, पुढच्या सीटखाली सरकेल अशी. लांबी-रुंदी-उंची प्रत्येक कंपनीची वेगळी, ती विचारून मगच घ्या. दुबई-दोहावरून स्वस्त पडतं म्हणून भावजी तिकडचं तिकीट काढतील, ते करू देऊ नकोस. एमिरेट्स आणि कतार एअरवेज केबिनमध्ये मांजर घेत नाहीत, ससाणा मात्र घेतात, अरबांचा शिकारी पक्षी म्हणून. आणि वैशूची नोकरी लंडनला नाही हे देवाची कृपा समज. ब्रिटनला विमानानं जाणारं मांजर फक्त कार्गोतूनच उतरतं.

कार्गोचं म्हणजे मांजर विमानाच्या पोटातल्या अंधाऱ्या भागात, एकटं, अनोळखी आवाजात. मोठ्या कुत्र्यांना दुसरा इलाज नसतो, आणि नीट नेलं तर तीही सुखरूप पोचतात. पण पायाशी नेता येतंय तर पायाशीच न्यावं. मी चेन सोडून दोन बोटं आत घातली की चिंगी हनुवटी टेकायची. त्या रात्रीत तिला तेवढंच पाहिजे होतं, आणि अनूलाही.

पिशवीची सवय आजपासून लाव. मी ती चेन उघडून अनूच्या पलंगाखालीच ठेवली होती, आत अनूची न धुतलेली ओढणी. मांजर गाल घासून आपला वास ठेवतं, तो वास असला की त्याला जागा आपली वाटते. म्हणून ओढणी धुवायची नाही, कितीही मळली तरी. मग जेवण पिशवीतच द्यायला लागले. मग चेन लावून घरात फिरवलं, मग रिक्षातून कपिलेश्वराच्या पुलापर्यंत, मग स्टेशनवर गाड्यांच्या आवाजात बाकावर बसून राहायची मी, पिशवी मांडीवर. लोक विचारायचे, आत काय हाय? गणपतीच्या मिरवणुकीच्या ढोलाला ही माळ्यावर पळायची, पण इंजिनाच्या घरघरीला विमानात काही बोलली नाही. तिचा जन्म वडगावात आमच्या व्याह्यांच्या यंत्रमागाखालचा ना. दिवसरात्र माग चालायचे तिथं.

गुंगीचं औषध मात्र मागू नकोस. गाढ गुंगीत रक्तदाब उतरतो, अंगाची ऊब टिकत नाही, आणि पुष्कळ कंपन्या तसलं जनावर घेतच नाहीत. फारच घाबरट असेल तर डॉक्टर वजन बघून गॅबापेंटिन नावाचं भीती कमी करणारं औषध देतात, तेही आधी घरी एकदा देऊन बघायचं, काय होतंय ते. चिंगीला लागलं नाही.

सांबऱ्याच्या विमानतळावरून इंडिगोनं निघावं म्हणशील, तर ते प्राणी घेत नाहीत. आम्ही मुंबईपर्यंत गाडीच केली. तवंदी घाट उतरून तुझ्या निपाणीवरूनच गेलो, पण मध्यरात्र होती म्हणून उठवलं नाही. कोगनोळी नाक्यापर्यंत चिंगी ओरडत होती, कोल्हापूर मागं पडल्यावर गप्प झाली. गाडीत चेन उघडायची नाही, कितीही केविलवाणं ओरडलं तरी. विमानाच्या आधी पाच-सहा तास खायला घालायचं नाही, पाणी थोडं थोडं चालतं. पिशवीत खाली शोषून घेणारा पॅड घालायचा आणि एक जादा हाताशी ठेवायचा. आमच्याला लागला नाही. मांजर फार वेळ धरून ठेवतं.

सगळ्यात अवघड काय असेल तर सुरक्षा तपासणी. पिशवी मशीनमधून जाते, मांजर नाही. मांजराला बाहेर काढून छातीशी धरून चौकटीतून जायचं. आजूबाजूला शेकडो माणसं, ट्रे आदळतायत, लहान मुलं बोट दाखवतायत. तिथं सुटलं तर संपलं. म्हणून अंगात पट्टा पाहिजे, गळ्यातला नव्हे, छातीवरून जाणारा, आणि तो घरी कितीतरी दिवस घालून सवय झालेला. अनूनं तिथल्या बाईंना आधीच सांगितलं, जरा बंद खोलीत बघाल का? त्यांनी आत नेलं, दार लावलं. त्या बाई पण मांजराच्या निघाल्या, स्वतः पिशवी धरून उभ्या राहिल्या. मागितलं तर मिळतं गं.

पुढचे साडेआठ-नऊ तास काहीच झालं नाही. मला वाटलेलं काय होईल नि काय नाही. शेजारच्या सीटवरच्या आजोबांना उतरताना कळलं की खाली मांजर होतं. उतरल्यावर कस्टमच्या हिरव्या वाटेनं न जाता लाल वाटेनं जायचं, आपण होऊन सांगायचं. त्यांनी चिपवर यंत्र धरलं, नंबर कागदाशी ताडून बघितला, कागद बघितले, झालं. चार-पाच महिने जपलेल्या फायलीला पाच मिनिटंपण लागली नाहीत. अनू तिथंच रडायला लागली, मग मीपण.

नव्या घरात सगळं घर एकदम मोकळं करायचं नाही. एक खोली, तिची शी-शूची माती, तिची बशी आणि ती ओढणी. चिंगी आधी कपाटामागं बसली, मग रात्री बाहेर येऊन अनूच्या पांघरुणात शिरली. आता खिडकीत बसून बर्फ बघते. अनू म्हणते, आई, कामावरून आल्यावर दार उघडताना कोणीतरी आत आहे हे माहीत असतं. वैशू तिथं एकटीच राहणार आहे विजू. तिचा पहिला हिवाळा, आणि हिवाळ्यात साडेचारच्या सुमारालाच सूर्य मावळतो तिथं. भावजींना हेही सांग.

खर्च होतो, नाही म्हणत नाही. रक्ताची तपासणी आणि मुंबईची गाडी यातच जास्त जातात. घरच्या लग्नात तुम्ही नुसत्या मांडवाला जे घातलंत त्यापुढं काही नाही.

आमच्या डॉक्टरांशी मी बोललेय. चिप ते मागवून ठेवतात, आयत्या वेळी मिळत नाही, म्हणून सोमवारचं सांगून ठेवलंय. वैशूला आणि बोक्याला घेऊन सकाळच्या पहिल्या बसनं ये. जुनं लसीचं कार्ड आण, आणि वैशूचा पासपोर्ट आण, कारण मालकाचं नाव प्रत्येक कागदावर पासपोर्टात आहे तसंच अक्षरन् अक्षर लागतं. बोक्याला पिशवीतूनच आण, मोकळा मांडीवर घेऊन बसू नकोस. दुपारी जेवायला इथंच थांबा, बाजरीची भाकरी करते.

भावजींना नमस्कार, वैशूला आशीर्वाद.

तुझी,
मंगल