'साउंड' म्हणजे दरवेळी आवाज नव्हे

महोदय,

इंग्रजी मजकुरात 'साउंड' दिसला की त्याचा 'आवाज' करून मोकळे होण्याची सवय अनुवादात बोकाळली आहे. ती थांबायला हवी. कारण 'साउंड' हा एक शब्द नाही. निरनिराळ्या वाटांनी आलेले चार शब्द घासून घासून एकाच उच्चारावर आणि स्पेलिंगवर येऊन ठेपले आहेत.

आवाजाचा 'साउंड' लॅटिन 'सोनुस'पासून फ्रेंचमार्गे आला. संस्कृत 'स्वन' त्याचा नातलग. त्यातला 'ड' मागाहून चिकटला. 'न' उच्चारून जीभ सुटताना तो आपसूक निघतो. 'थंडर'चेही तसेच, जुन्या इंग्रजीत तो 'थुनोर' होता.

दुसरा 'साउंड' म्हणजे धडधाकट. हा जुन्या इंग्रजीतला 'गेसुंद'. पुढचा 'गे' गळाला, जर्मनमध्ये मात्र तो अजून टिकून आहे. 'साउंड स्लीप' म्हणजे गाढ झोप, 'साउंड अर्ग्युमेंट' म्हणजे बिनतोड युक्तिवाद, 'सेफ अँड साउंड' म्हणजे सुखरूप. तिसरा नकाशावर भेटतो. डेन्मार्क आणि स्वीडन यांच्यामधले ओरेसुंद किंवा अमेरिकेतले लाँग आयलंड साउंड हे जलमार्ग आहेत. नॉर्स या जुन्या स्कँडिनेव्हियन भाषेतल्या 'सुंद'चा अर्थ पोहणे असाही होता आणि सामुद्रधुनी असाही.

सर्वांत जास्त घोळ होतो तो चौथ्यापाशी. फ्रेंच 'सोंदे'वरून आलेला हा 'साउंड' म्हणजे पाण्याची खोली मोजणे. जुन्या जहाजांवर त्यासाठी दोरीला 7 ते 14 पौंडांचे शिसे बांधून ते पाण्यात सोडत. दोरीवर 2, 3, 5, 7, 10 अशा ठरावीक फॅदमांवर खुणा असत; फॅदम म्हणजे 6 फूट, आपला वाव. कुठे चामड्याची पट्टी, कुठे वेगळ्या विणीचे कापड, म्हणजे अंधारातही नुसत्या स्पर्शाने खूण ओळखता यावी. शिशाच्या बुडाला खळगा ठेवून त्यात चरबी भरत. तिला वाळू, चिखल, शिंपल्यांचे तुकडे चिकटून वर येत आणि तळ कसा आहे, नांगर धरेल की नाही, हे कळे.

म्हणूनच 'साउंड समवन आउट' याचा 'आवाज देणे' किंवा 'आवाज उठवणे' असा अनुवाद साफ चूक आहे. मराठीत त्याला नेमका शब्द आहे: एखाद्याच्या मनाचा ठाव घेणे. 'ठाव' हाही पाण्याचा तळच. इतका चपखल शब्द हाताशी असताना तो वाया घालवू नये.

चांगल्या शब्दकोशात या चार शब्दांच्या स्वतंत्र नोंदी असतात आणि शब्दाच्या खांद्यावर बारीक अंक असतो. आधी वाक्यात तो नाम आहे, विशेषण आहे की क्रियापद ते पाहावे आणि मग अंक निवडावा. अंकांचा क्रम कोशागणिक बदलू शकतो, पण या पत्रातल्या क्रमाने सांगायचे तर विशेषण असेल तर बहुधा दुसरा. क्रियापद असून कर्म पाणी, मत किंवा माणूस असेल तर बहुधा चौथा. देवमासा 'साउंड' करतो असे वाक्य आले तर तो ओरडत नसतो, खोल बुडी मारत असतो.

'एको साउंडर' या यंत्राच्या नावाने तर जाणतेही फसतात. ते पाण्यात ध्वनी सोडते, तरी त्याच्या नावातला 'साउंडर' ध्वनीचा नसून खोली मोजणारा आहे. समुद्राच्या पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे 1500 मीटर जातो. प्रतिध्वनी 1 सेकंदाने परतला तर जाण्यायेण्याचे अंतर निम्मे करून खोली भरते 750 मीटर. तेव्हा 'प्रतिध्वनी खोलीमापक' असे लिहावे, 'ध्वनियंत्र' नको.

— एक अनुवादक