हात लावण्याआधी थांबणाऱ्या सिस्टरना

प्रिय सिस्टर,

डिस्चार्जच्या दिवशी तुमची ड्यूटी नव्हती, त्यामुळे नीट बोलणं झालंच नाही. म्हणून हे पत्र. ते सगळ्यांना वाचता यावं असं लिहिते आहे, कारण तुम्ही माझ्या मुलीसाठी जे केलंत ते तिच्या फाइलमध्ये कुठेच नाही. फाइलमध्ये ऑक्सिजन आहे, अँटिबायोटिक आहे, नळीतून किती मिली दूध गेलं त्याचे आकडे आहेत. त्यासाठी डॉक्टरांचे आभार मी तेव्हाच मानले. तुमचे मानायचे राहिले.

ती 28 आठवड्यांची जन्मली. मेंदूला वळ्या पडतात आणि तो झपाट्याने वाढतो ते शेवटचे तीन महिने तिने पोटात नाही, एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात काढले. कान ऐकू लागलेले, पण अलार्मपासून पळायला जागा नाही. प्रखर उजेडात बाहुली आकसून घेण्याची क्रियासुद्धा त्या वयात पुरती आलेली नसते. हे मला तुमच्याकडूनच कळलं, तिच्या पेटीवर (इन्क्युबेटरवर) जाड कापड का टाकता असं विचारल्यावर.

तुम्ही पेटीत हात घालायचात आणि लगेच काही करायचा नाहीत. एक हात डोक्याशी, एक पायांशी, नुसता टेकवलेला. तिला कळू दे कोणीतरी आलंय, म्हणायचात. तिचा श्वास सावरला की मगच डायपर, मगच तापमान. मधेच तिने बोटं फाकवली, पाठ ताणली, उचकी लागली किंवा अंगावर ठिपके उमटले, की तुमचे हात जागच्या जागी थांबायचे. "थांबा म्हणतेय ती," एवढंच सांगायचात. हात तोंडाशी नेणं, चेहरा निवांत होणं म्हणजे चालू द्या. मला तोवर वाटत होतं की एवढंसं बाळ काही सांगू शकत नाही आणि आपण फक्त मॉनिटरकडे बघायचं. तुम्ही मला मॉनिटरवरून तिच्याकडे बघायला लावलंत. बाळाची ही भाषा वाचून त्याप्रमाणे काळजी घ्यावी, हा विचार हायडेलिझे आल्स या मानसशास्त्रज्ञांनी 1980च्या दशकात मांडला, हे मी नंतर वाचलं. माझ्यापर्यंत तो तुमच्या हातांतून आला.

टाचेतून रक्त घ्यायच्या वेळी तुम्ही मला बाहेर पाठवलं नाहीत. तिचे हातपाय दुमडून, पोटात असते तशी गोळा करून धरायचं काम माझ्याकडे दिलंत आणि जिभेवर माझ्याच दुधाचा थेंब. ती रडली, पण लवकर शांत झाली. त्या काळात आई म्हणून मला करता आलेलं ते पहिलं काम होतं. यासाठी मी तुमची किती ऋणी आहे ते शब्दांत सांगता येणार नाही.

आवाजाबद्दल तुमचा हट्ट तर सगळ्या वॉर्डाला माहीत होता. पेटीच्या खिडक्या दोन्ही हातांनी बंद करणं, वर फाइल न ठेवणं, राउंडची चर्चा दोन पावलं लांब नेणं. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने 1997 मध्येच एनआयसीयूतला आवाज 45 डेसिबलच्या वर जाऊ नये असं म्हटलं होतं. मोठ्या डॉक्टरांना "हळू बोलाल का" म्हणणं सोपं नसतं. तुम्ही म्हणायचात. ती झोपलेली असेल आणि काम घाईचं नसेल, तर तेही पुढे ढकलायचात.

आणि कांगारू केअर, म्हणजे बाळाला उघड्या छातीशी धरून ठेवणं. कोलंबियातल्या बोगोटात डॉ. एडगर रे सानाब्रिया यांनी 1978 मध्ये ती सुरू केली तेव्हा पेट्याच पुरत नव्हत्या. आज जागतिक आरोग्य संघटना सांगते की मुदतीआधी जन्मलेल्या बाळाला जन्मानंतर शक्य तितक्या लवकर छातीशी घ्या, दिवसाचे 8 ते 24 तास. सांगणं सोपं आहे. नळ्या, वायरी, चिकटपट्ट्या सांभाळून एवढ्या लहान बाळाला पेटीतून आईच्या छातीवर आणायला दोन माणसं आणि खूप वेळ लागतो, आणि रात्रपाळीला तुमच्याकडे दोन्ही कमी असायचं. तरी तुम्ही आणायचात. तिच्या बाबांनाही शर्टाची बटणं सोडून बसवलंत.

तोंडाने दूध सुरू करतानाही तुम्ही घड्याळ धरून बसला नाहीत. चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ साधारण 34 आठवड्यांच्या सुमारास बसू लागतो, तोवर तिला दमवायचं नाही, एवढंच तुमचं म्हणणं होतं.

ती बरी आहे. वजन वाढतंय, डोळ्यांच्या आणि कानांच्या तपासण्या झाल्या, पुढच्या सगळ्या तारखा आम्ही पाळणार आहोत.

रुग्णालयाच्या प्रमुखांना मी वेगळं पत्र दिलं आहे. प्रत्येक पेटीशेजारी आईबाबांना तासन्‌तास टेकून बसता येईल अशी खुर्ची हवी, आणि तुम्ही करता ते प्रत्येक पाळीतल्या सिस्टरना शिकवायला तुम्हाला ड्यूटीतूनच वेळ मिळावा, असं त्यात लिहिलं आहे. तुमचं नाव घातलं आहे. रागावू नका.

तुमची,
पेटी क्रमांक चारमधल्या बाळाची आई