हजार शब्दांचा कोर्स

चि. मनू,
अनेक आशीर्वाद. तुझा लांबलचक मेसेज मिळाला, आईनेपण वाचला, तिचं म्हणणं पोरगी मागतेय तर देऊन टाका की पैसे. त्या स्पीड रीडिंगच्या कोर्सात मिनिटाला हजार शब्द वाचायला शिकवतात, मग ऑफिसात कामं पटापट उरकतात आणि प्रमोशन लवकर मिळतं, असंच ना? प्रमोशनचं तुझं म्हणणं मला शंभर टक्के पटलं गो, पण ते हजार शब्द काही पचेनात, म्हणून जरा शोधून वाचलं.

आपली नजर ओळीवरून सरळ सरकत नाही, उड्या मारत जाते, दर थांब्याला साधारण पाव सेकंद जातो आणि तेवढ्यात नीट स्पष्ट दिसतात ती सात-आठच अक्षरं. 2019 साली इंग्रजी वाचनावरचे 190 अभ्यास एकत्र करून बघितले तेव्हा मोठ्या माणसांचा माहितीपर मजकूर मनात वाचायचा सरासरी स्पीड निघाला मिनिटाला 238 शब्द. म्हणजे हजार म्हटलं की ते वाचणं नाही, चाळणं. आणि 'मनात शब्द उच्चारू नका' हे जे शिकवतात त्याने उलट समजणंच कमी होतं. भाषा पक्की असली आणि विषय ओळखीचा असला की स्पीड आपोआप वाढतो.

हे शेवटचं मात्र मला कोणी सांगायला नको, वकीलसाहेबांकडे आयुष्य गेलं माझं. नवीन पोरगा येतो तो वीस पानांचं खरेदीखत पहिल्या ओळीपासून सारख्याच स्पीडने वाचत बसतो, दुपार होते तरी संपत नाही. मी अर्धी पानं नुसती नजरेखालून घालतो, 'लिहून देणार', 'लिहून घेणार', ताबा, भरणा, तोच मजकूर, पाठ झालाय. पण गट नंबर, हिस्सा, क्षेत्र, चतुःसीमा आली की बोट ठेवून अक्षर न् अक्षर. परवाचंच सांगतो, पुण्याची पार्टी, बाहेर गाडी चालूच ठेवलेली, सगळ्यांना सहीची घाई, आणि सातबाऱ्याला हिस्सा 2अ तर खतात नुसता 2, शिवाय सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात जमीन कसणाऱ्या कुळाचं नाव तसंच. आपल्या कोकणात एकेका सातबाऱ्यावर किती नावं असतात तुला माहितीये, त्यात एवढंसं नाव डोळ्यातून सुटायला कितीसा वेळ. पार्टी वैतागली, पण दुसऱ्या दिवशी साहेबांना फोन करून थँक्यू म्हणाली. म्हणून तर साहेब आता कुठलीही फाइल आधी माझ्या टेबलावर टाकतात, पगार मागायला मला कधी तोंड वेंगाडावं लागलं नाही.

हातखंब्याच्या उतारावर जुना एसटीवाला सुसाट जातो पण ब्रेक कुठे मारायचा ते त्याला माहीत असतं, तसलं वाचन तुला कामाला येईल. तुझ्या त्या कॉन्ट्रॅक्टमध्येपण असंच असणार, पेमेंट, मुदत, दंड, करार मोडला तर काय, एवढं सावकाश वाच, बाकी चाळ. मीटिंगआधी जिने पेपर खरोखर वाचलाय तिलाच लोक विचारतात ना.

तुझ्या भावाचं वेगळं, त्याला स्पर्धा परीक्षेच्या सीसॅट पेपरात 2 तासांत 80 प्रश्न म्हणजे प्रश्नामागे दीडच मिनिट, त्यात उतारे. त्याला सांगितलंय रोज एक अग्रलेख घड्याळ लावून वाच आणि पेपर मिटून चार ओळीत सांग काय म्हटलं होतं. सांगता आलं तरच तो स्पीड धरायचा. पहिले दिवस नुसता 'अं... अं...' करायचा, आता बरा बोलतो, निगेटिव्ह मार्किंग आहे हे लक्षात ठेव म्हणून मी मागे लागलेलोच असतो.

तूपण तसंच कर, ऑफिसातली जुनी कॉन्ट्रॅक्ट मागून घे आणि रोज एक वाच. पैसे पाठवतोय, पण कोर्सला नाही, चांगला चष्मा करून घे आधी, मोबाईल नाकाला लावून वाचतेस असं मावशी सांगत होती. आईला कोर्सचं मी समजावतो.

तुझे बाबा