पंतप्रधान आजारी पडले तर कारभार कोणाकडे?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

उपपंतप्रधान किंवा उपमुख्यमंत्री असला की वरचा माणूस आजारी पडताच सूत्रे आपोआप त्याच्याकडे जातात, असा समज सर्रास आढळतो. राज्यघटनेत या दोन्ही पदांचा उल्लेखच नाही.

राष्ट्रपतींबाबत मात्र सोय चोख आहे. कलम ६५ नुसार ते बरे होऊन पुन्हा काम पाहू लागेपर्यंत उपराष्ट्रपती कारभार सांभाळतात. १९६१ मध्ये राजेंद्रप्रसाद आजारी असताना राधाकृष्णन यांनी तो सांभाळला. आपल्या सोलापूरचे सुशीलकुमार शिंदे २००२ मध्ये ज्या उपराष्ट्रपतिपदासाठी लढले, त्याचे हेही एक काम. उपराष्ट्रपतीही नसेल तर सरन्यायाधीश, असा कायदा १९६९ मध्ये झाला आणि त्याच वर्षी हिदायतुल्ला यांना ती जबाबदारी घ्यावी लागली.

खरी सत्ता ज्यांच्या हाती, त्या पंतप्रधानांच्या आजारपणाबद्दल कलम ७४ आणि ७५ मध्ये अवाक्षर नाही. मृत्यू झाला तर निदान प्रघात आहे. १९६४ आणि १९६६ मध्ये गुलझारीलाल नंदा यांना लगेच शपथ देण्यात आली. जानेवारी २००९ मध्ये मनमोहनसिंग यांच्या हृदयशस्त्रक्रियेच्या वेळी त्यांच्याकडचे अर्थखाते प्रणव मुखर्जींकडे गेले, मंत्रिमंडळाच्या बैठकाही त्यांनीच घेतल्या. ती शस्त्रक्रिया ठरवून झाली होती. रुग्ण आधीच बेशुद्ध असेल तर कार्यभार सोपवायचा कोणी?

तमिळनाडूत हेच झाले. मुख्यमंत्री जयललिता २२ सप्टेंबर २०१६ ला रुग्णालयात दाखल झाल्या. ११ ऑक्टोबरला राज्यपालांनी त्यांची खाती अर्थमंत्री पन्नीरसेल्वम यांच्याकडे दिली, तीही ‘मुख्यमंत्र्यांच्या सल्ल्यानुसार’. हे राज्यपाल म्हणजे त्या वेळी महाराष्ट्राचेच विद्यासागर राव, तमिळनाडूचा अतिरिक्त कार्यभार असलेले. त्याच महिन्यात पोटनिवडणुकीच्या कागदांवर जयललितांच्या सहीच्या जागी डाव्या अंगठ्याचा ठसा उमटला आणि तो समक्ष घेतल्याची साक्ष डॉक्टरांनी दिली. ५ डिसेंबरला त्या गेल्या. अशा वेळी बहुमतातल्या पक्षाने दुसरा नेता निवडणे एवढीच वाट उरते. पण नेता खाटेवर असताना दुसरे नाव सुचवायला पक्षात कोणी धजावत नाही, आणि राज्यपाल-राष्ट्रपतीही स्वतःहून हात घालत नाहीत.

अमेरिकेने १९६७ च्या २५ व्या घटनादुरुस्तीत याचाही विचार केला. अध्यक्ष स्वतः लिहून देऊ शकत नसतील, तर उपाध्यक्ष आणि निम्म्याहून अधिक मंत्री तसे कळवतात. अध्यक्षांनी हरकत घेतली आणि उपाध्यक्ष व मंत्र्यांनी चार दिवसांत पुन्हा तेच कळवले, तर प्रश्न काँग्रेसपुढे, म्हणजे तिथल्या संसदेपुढे जातो. अध्यक्षांना दूर ठेवायला दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मते लागतात.

आपल्याकडे निदान इतके व्हावे. भूल देण्यापूर्वी कार्यभार लेखी सोपवणे कलम ७७(३) खालच्या कामकाज नियमांतच सक्तीचे करता येईल. त्याला घटनादुरुस्ती लागणार नाही. अचानक शुद्ध हरपण्याची सोय मात्र कलम ७५ मध्येच करावी लागेल: सरकारी डॉक्टरांच्या मंडळाचा दाखला, त्यावर मंत्रिमंडळाचा बहुमताने ठराव आणि ठरावीक दिवसांत लोकसभेची मंजुरी. आणि हा दाखला देणाऱ्या मंडळात नेत्यावर उपचार करणारा डॉक्टर नको.

आपला,
एक वाचक, जुळे सोलापूर