एसीची एकत्र खरेदी : रविवारी बैठक, लेबलचे फोटो आणावेत

तारकर्ली-देवबागच्या सर्व निवास-न्याहारी चालकांना नमस्कार,

मे महिन्याच्या गर्दीआधी ज्यांना नवे एसी बसवायचे आहेत, त्यांची बैठक येत्या रविवारी संध्याकाळी ५ वाजता देवळाच्या सभामंडपात आहे. दुकानदारांचे दर तिथेच सर्वांसमोर उघडू. येताना बीईई लेबलचा (एसीवरील वीजबचतीच्या ताऱ्यांच्या सरकारी लेबलचा) स्पष्ट फोटो आणा, नुसते 'फाइव्ह स्टार आहे' एवढे पुरणार नाही.

लेबलवर हे पाहा :

• मुदत, म्हणजे लेबल कोणत्या काळासाठीचे आहे ते. ताऱ्यांचे निकष अधूनमधून कडक होतात. जुलै २०२२ मध्ये झाले, तेव्हा पाच ताऱ्यांचे मॉडेल चारवर आले. जुना माल स्वस्त मिळतो तो बरेचदा यामुळेच.

• आयएसईईआर, म्हणजे हंगामभरात खर्चलेल्या विजेच्या मानाने एसी किती गारवा देतो ते. आकडा मोठा तेवढे बिल कमी. तुलना मात्र दीड टनाची दीड टनाशीच करा.

• वार्षिक युनिट. हा आकडा वर्षाला १६०० तास धरून काढलेला असतो. लेबलवर ८०० युनिट असतील, तर तासाला सरासरी अर्धे युनिट. त्याला आपल्या खोलीच्या तासांनी गुणा. ज्यांची खोली हंगामातच भरते, त्यांना माझ्या मते तीन तारे पुरेत.

खाऱ्या वाऱ्याबद्दल लेबल काहीच सांगत नाही. बाहेरच्या युनिटच्या कॉइलवर गंजरोधक थर आहे का, हे दुकानदाराला जरूर विचारा. किनाऱ्यालगतच्या घरांनी तर विचारल्याशिवाय घेऊच नये.

किती खोल्या, किती टन, ही मागणी शनिवारी रात्रीपर्यंत गटावर टाका. नंतरची मागणी या खेपेत धरता येणार नाही.

– सचिव