‘साभार पोच’च्या पुढे जायला हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी अंक बाजारात आले की बहुतेक वृत्तपत्रांत ‘साभार पोच’ या मथळ्याखाली अंकाचे नाव, संपादक, पाने आणि किंमत एवढा तपशील छापून येतो. त्या पानांमधले कोणते लेखन आवर्जून वाचावे, हे मात्र त्यातून कळत नाही. मी स्वतः कथा लिहिते आणि गावच्या ग्रंथालयाची दिवाळी अंक योजना सहसा चुकवत नाही. नामवंत अंकांसाठी तिथे नंबर लावावा लागतो, आणि जिल्ह्याच्या गावांतून निघणारे अंक कोरेच्या कोरे परत कपाटात जातात, हे दर वर्षी पाहते आहे.

गेल्या हंगामात असाच एक अंक मी घरी नेला. पतसंस्था आणि खतांच्या दुकानांच्या जाहिरातींमध्ये जात्याला टाकी लावत, म्हणजे गुळगुळीत झालेला दगड छिन्नीने पुन्हा खरबरीत करून देत, गावोगाव फिरणाऱ्या बाईची कथा होती. दिवसभरात एकच काम मिळालेले असताना ती जात्याच्या तळीवरून तळहात फिरवते, आणि ‘अजून दोन वरसं दळंल’ असे सांगून छिन्नी न काढताच उठते. लेखकाने तिच्या प्रामाणिकपणाविषयी एक अक्षरही लिहिलेले नाही. मी अंकातून नंबर मिळवून त्यांना फोन केला, तेव्हा कौतुक ऐकून घेऊन त्यांनी लगेच विचारले, ‘खटकलं काय, ते सांगा.’ मग शेवटच्या परिच्छेदातल्या एका वाक्यावर आम्ही जवळजवळ अर्धा तास बोललो. इतक्या बारकाईने आपले लिखाण कुणी वाचावे, ही प्रत्येक लिहिणाऱ्याची भूक असते, आणि ती भागवणे दुसऱ्या लिहिणाऱ्याला सहज शक्य असते.

आपल्याकडे हे नवे नाही. कादंबरीकार म्हणून नाव झालेल्या वि. स. खांडेकरांनी १९४२ साली कुसुमाग्रजांचा ‘विशाखा’ हा संग्रह पदरमोड करून प्रसिद्ध केला आणि त्याला प्रस्तावनाही लिहिली. नामदेव ढसाळांच्या १९७२ मधील ‘गोलपिठा’ला विजय तेंडुलकरांची प्रस्तावना आहे. त्या कवितेतले मुंबईच्या वेश्यावस्तीचे जग आपल्याला अपरिचित असल्याने तेंडुलकरांनी प्रस्तावना लिहिण्याआधी कवीबरोबर त्या वस्तीत फेरफटकाही मारला होता. दाद देण्यासाठी एवढे कष्ट घ्यावे लागतात, हे मला फार मोलाचे वाटते. उलट बहिणाबाई चौधरींची गाणी आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तकरूपाने आली ती १९५२ साली, म्हणजे त्यांच्या निधनानंतर. दाद मिळाली, पण ती घ्यायला त्या राहिल्या नव्हत्या, ही रुखरुख मला आजही आहे.

म्हणून आपल्या रविवार पुरवणीत दर आठवड्याला दोनशे शब्दांची जागा द्यावी, अशी माझी विनंती आहे. तिथे एका लेखकाने दुसऱ्या लेखकाच्या एकाच कथेविषयी, कवितेविषयी किंवा लेखाविषयी लिहावे आणि मूळ मजकुरातल्या चार ओळी वाचकांपुढे ठेवाव्यात. असे सदर ‘अहो रूपम् अहो ध्वनिः’ या वळणावर जाण्याची भीती खरी आहे, आणि मित्रमंडळींच्या पुस्तकांवरची परीक्षणे वाचून आपण सारेच कंटाळलेलो आहोत. यासाठी लिहिणाऱ्याचा त्या लेखकाशी आधीचा परिचय नसावा, आणि अंक कुठे मिळेल तो पत्ता टिपणाखाली द्यावा, एवढे दोन नियम मला पुरेसे वाटतात. समीक्षकांनी लिहू नये असे मुळीच नाही, परंतु वाक्य कुठे अडते आणि कुठे सुटते, हे रोज तीच झटापट करणाऱ्याच्या अधिक लवकर ध्यानात येते.

जात्याच्या कथेवरचे टिपण सोबत जोडले आहे. त्या अंकाच्या मोजक्याच प्रती शिल्लक असल्याचे त्याच्या संपादकांनी कळवले आहे, तेव्हा ते लवकर छापता आले तर बरे होईल.

आपली,
एक कथालेखिका, कराड