परमिशन ‘टेक’ होत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गणपती तोंडावर आले की आमच्या मंगळवार पेठेतली पोरं अर्ज दाखवायला माझ्याकडे येतात. मी ३० वर्षं कचेरीत इंग्रजी टंकलेखन केलं, एवढंच माझं भांडवल. यंदाच्या स्पीकरच्या अर्जात पहिलंच वाक्य होतं, ‘वुई आर टेकिंग युवर परमिशन फॉर लाउडस्पीकर.’ म्हटलं, अरे, साहेबांनी अजून दिली नाही, तोवर तुम्ही घेऊन निघालात कुठे?

मराठीत परवानगी घेतात, काढतात, मिळवतात, सगळं चालतं. इंग्रजीत मागायची तर ‘आस्क फॉर’ किंवा ‘सीक’, हातात पडली की ‘गेट’ किंवा ‘ऑब्टेन’. ‘टेक परमिशन’ आपल्याकडे सर्रास बोलतात, पण ते आपल्या ‘घेणे’ला साहेबाची टोपी घातल्यासारखं आहे. पोरांना पटेना. मग ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांतला पाचवा नियम इंग्रजीतून दाखवला. लेखी परवानगीशिवाय ध्वनिक्षेपक लावायचा नाही, हे सांगताना तिथेही ‘ऑब्टेनिंग’ हाच शब्द आहे. रात्री १० ते सकाळी ६ ची बंदीही त्याच नियमात आहे. ती ओळ मात्र पोरांनी घाईघाईने ओलांडली.

एवढ्यात नात म्हणाली, “आजोबा, मग ‘टेक लीव्ह’ कसं चालतं?”

मी गप्प. रात्री कोश काढून बसलो. ‘लीव्ह’चा जुना अर्थच मुळी परवानगी, ‘बाय युवर लीव्ह’मध्ये तो अजून शिल्लक आहे. निघण्याची परवानगी घ्यायची, म्हणून ‘टेक लीव्ह’. आणि आपली ‘रजा’? मूळ अरबी, फारसीमार्गे आलेली, अर्थ संमती. ‘राजी’ आणि ‘राजीनामा’ तिच्याच भावकीतले. म्हणजे उंबऱ्यात उभं राहून ‘बराय, रजा घेतो’ म्हणणारा आपला पाहुणा आणि ‘टेक माय लीव्ह’ म्हणणारा साहेब एकच गोष्ट बोलतात! ‘लीव्ह’शी ‘टेक’ची जोडी जुनी. लॅटिन-फ्रेंचकडून आलेल्या ‘परमिशन’शी तिचं जुळलं नाही, इतकंच. नातीला सकाळी सांगितलं, तर ती म्हणाली, “मग माझं बरोबरच होतं की.”

अर्ज शेवटी मराठीतच गेला. मराठीला राज्याची राजभाषा करणारा अधिनियम १९६४ चा. इंग्रजीत लिहा असं पोरांना कुणी सांगितलंच नव्हतं. खोदून विचारलं तेव्हा कळलं, इंग्रजीत लिहिलं की काम लवकर होतं असं त्यांना वाटलं होतं.

– एक निवृत्त टंकलेखक, सातारा